वादळात कौलारू घर मोडलं तर विम्याचे पैसे खरंच मिळतात का?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या तुमच्या जुन्या घरावर वादळात झाड पडलं, विमा आहे, पण "सगळे म्हणतात कंपनी काहीच देत नाही", आणि सर्वेअरने, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान मोजायला येणाऱ्या माणसाने, नुकसान कमी लिहिलं तर काय करायचं.

पैसे मिळतात. आम्हाला 44,000 मिळाले. नुकसान 1,80,000 चं होतं. मधले 1,36,000 कुठे गेले ते सांगतो, कारण तुमचं ते "सगळे म्हणतात" वालं वाक्य आमच्या घरात तौक्ते चक्रीवादळापासून आजतागायत माझा मोठा भाऊ म्हणतोय. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बाराव्याला.

16 मे 2021, रविवार. तौक्ते किनाऱ्याच्या बाजूने वर गुजरातकडे चाललं होतं. गोव्यात ते जमिनीवर आलंसुद्धा नाही, नुसतं शेजारून गेलं, तेवढ्यात आमचा परसातला फणस मुळासकट उपटून पडवी आणि स्वयंपाकघरावर आला. आमचं घर पेडणे तालुक्यात, चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंती, वर मंगळुरी कौलं. वासे, रीप, कौलं सगळं एका आवाजात खाली. माणसं माजघरात होती म्हणून वाचली. वीज गेली ती पाच दिवस आली नाही. कोरोनाचा कर्फ्यू होताच.

माझ्या फोनमध्ये वीस टक्के चार्ज उरला होता. मी फोटो काढायला लागलो तर दादा कोयता घेऊन आला. "फोटो कसले काढतोस, लग्न आहे? आधी जागा मोकळी कर." मी म्हटलं, विम्याचा माणूस येईपर्यंत थांबू या. त्यावर त्याने जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दुपारपर्यंत फुटकी कौलं भाटात, म्हणजे बागायतीत, टाकली गेली, मोडके वासे तोडून पाणी तापवायला वहिनीच्या चुलीपाशी रचले गेले, आणि आठवड्यात टीव्ही भंगारवाल्याने नेला. माझ्याकडे राहिले अकरा फोटो.

सर्वेअर नवव्या दिवशी आला. माणूस वाईट नव्हता. टीव्ही कुठे? भंगारात. वरचं लाकडी सिलिंग होतं म्हणता, ते कुठे? चुलीत. "पळोवया," म्हणजे बघूया, म्हणाला आणि लिहीत राहिला. त्याने पाहायचं काय? झाडलेली जमीन? जे फोटोत होतं आणि जागेवर होतं तेवढं धरलं: 1,30,000. जुनं लाकूड, जुनी कौलं म्हणून घसारा 39,000. उरलेल्या लाकडाचे 3,000 वजा. राहिले 88,000. आणि मग त्याचे निम्मे.

हे निम्मं का, तिथेच आमच्या दोघा भावांचं खरं भांडण आहे. 2020 च्या दिवाळीत विमा उतरवताना मी घर पुन्हा बांधायचा खर्च काढला होता, 16 लाख. जमिनीची किंमत त्यात धरायचीच नसते, बांधकामाचीच धरायची. दादा म्हणाला, "मातीचं घर आपलं, त्याला सोळा लाख कोण देतोय? आठ लिही, हप्ता वाचेल." वाचले वर्षाला तीन-चारशे रुपये. पॉलिसीत मात्र सरासरीची अट होती: घर 16 चं, विमा 8 चा, म्हणजे उरलेल्या अर्ध्याची विमा कंपनी तुम्ही स्वतः, आणि अर्धं नुकसानही तुमचंच. 88 चे 44 झाले. यात कंपनीने काय लुबाडलं ते दादाने मला एकदा पाटीवर मांडून दाखवावं.

तर तुमची पॉलिसी काढा आणि वरचं नाव वाचा. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या कंपन्यांना "भारत गृह रक्षा" नावाची एकसारखी पॉलिसी ठेवावी लागली. तीत ती सरासरीची कात्री लागत नाही, आणि घरातल्या सामानाला घराच्या रकमेच्या 20 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण असतं. कंपाउंडची भिंत आणि पाण्याची टाकीही घरातच धरतात. कोणी "त्या दिवशी हवामान खात्याचं चक्रीवादळ होतं का?" असं विचारून घाबरवलं तर घाबरू नका. पॉलिसीत नुसतं वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन अशी सगळी भावंडं ओळीने लिहिलेली आहेत. झाड पडून झालेलं नुकसानही वेगळं लिहिलंय.

सर्वेअरने कमी लिहिलं तर पहिलं काम म्हणजे त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागा. मागितली की मिळते. मी मागितली तेव्हा कळलं की 650 कौलांच्या जागी 65 टाइप झालंय. आधी त्याने 1,10,000 च धरले होते, ते या एका शून्याने 1,30,000 झाले. ओरडून हे झालं नसतं. त्यानंतरही पटलं नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा, महिनाभर वाट बघा, मग विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत जायला हवं. आम्ही गेलो नाही. अट आम्हीच सही करून मान्य केली होती, काय तोंडाने जाणार?

दादाच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, वहिनी वाचते म्हणून. मे महिन्यात छप्पर उघडं ठेवून बसता येत नाही, आणि पुढचं नुकसान टाळणं ही पॉलिसीप्रमाणे आपलीच जबाबदारी. म्हणून ताडपत्री लगेच घाला आणि तिचं बिल ठेवा. मोडकं सामान मात्र एका कोपऱ्यात रचून ठेवा, सर्वेअर बघून जाईपर्यंत चुलीत घालू नका.

आणखी एक, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. घर कोणाच्या नावावर आहे ते बघा. आमचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला जमिनीचा उतारा, अजून आजोबांच्या नावावर, पॉलिसी माझ्या. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल आणि सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा करण्यात दोन महिने गेले. त्यातही दादाची सही सगळ्यात शेवटी आली. मामलेदाराकडचा सरकारी मदतीचा अर्ज ही वेगळी गोष्ट, तो विम्यासाठी अडवून ठेवू नका. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मात्र दोन्हीकडे कामाला येते. झाड अग्निशमन दलाने कापलं असेल तर त्यांचा दाखलाही घ्या.

यंदाच्या नूतनीकरणात मी 18 लाख लिहिले आहेत. हप्ता मीच भरतो. दादाने आकडा बघितला आणि म्हणाला, "वेडा आहेस."