‘काशीकाम’ शब्दातली काशी कोणती?

बीदरच्या महमूद गवान मदरशाच्या वर्णनात ‘काशीकाम’ हा शब्द वाचून एकांनी विचारले आहे, की ही निळ्या-पिवळ्या टाइलांची कारागिरी वाराणसीहून आली का?

वाराणसीशी तिचा काही संबंध नाही. मध्य इराणात काशान नावाचे शहर आहे. १२व्या शतकाच्या अखेरीपासून १४व्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथल्या झिलईच्या टाइलांचा असा दबदबा होता, की ‘काशानी’, म्हणजे काशानचे, हेच त्या वस्तूचे नाव झाले. ‘काशी’ हे त्याचेच आखूड रूप. १४व्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने इराकमधल्या नजफच्या दर्ग्याच्या भिंतींवरचे काम ‘काशानी’ म्हणूनच नोंदवले. ते ‘आमच्याकडच्या’, म्हणजे मोरोक्कोतल्या, झुलैज टाइलकामासारखे, पण रंगाने जास्त तेजस्वी, असेही सांगितले. आजच्या फारसीत न्हाणीघरातली साधी टाइलसुद्धा काशीच.

काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिमने १३०१ मध्ये या कामाची कृती लिहून ठेवली, हे आपले मोठे भाग्य. दहा भाग गारगोटीची पूड, एक भाग काचेची पूड आणि एकच भाग पांढरी माती! त्यामुळे या टाइलांना सरसकट ‘मातीच्या’ म्हणणे मला पटत नाही. सोनेरी झळाळीच्या टाइलांत तर सोने मुळीच नसे. झिलई देऊन भाजलेल्या टाइलवर चांदी आणि तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढत आणि ती धुराच्या भट्टीत, कमी आचेवर पुन्हा भाजत. इराणातल्या वरामीनच्या इमामजादा याह्या या दर्ग्यातल्या, १२६२च्या सुमारास घडवलेल्या, तारे आणि क्रुसांच्या आकाराच्या टाइला अशाच आहेत. त्या आता जगभरच्या संग्रहालयांत विखुरल्या आहेत, याचे वाईट वाटते.

इब्न बतूताचा तो ‘झुलैज’ गोव्यातल्या वाचकांच्या ओळखीचा असेल. त्यावरूनच झिलईच्या टाइलसाठीचा पोर्तुगीज शब्द ‘आझुलेजू’ आला. पोर्तुगीजमध्ये ‘आझूल’ म्हणजे निळा, म्हणून पुष्कळांना हा शब्द रंगावरून आला असे वाटते. पण ‘आझूल’चे मूळ लाजवर्दात, म्हणजे एका निळ्या दगडाच्या फारसी नावात, आहे, आझुलेजूचे अरबी ‘अज्-झुलैज’मध्ये.

मराठीत लिहिताना ‘काशीकाम’ जरूर वापरावे, फक्त पहिल्या उल्लेखाला ‘काशान शहरावरून’ एवढे जोडावे. ‘फरशी’ मात्र इथे टाळलेली बरी; तिच्यात जमिनीवर अंथरण्याचा अर्थ आहे आणि हे काम भिंती, मिहराब (मशिदीतला प्रार्थनेची दिशा दाखवणारा कोनाडा), घुमट यांवरचे.