अमेरिकेने शेजारच्या देशांची सरकारं खरंच पाडली का, की हा नुसता डाव्यांचा प्रचार आहे?

खरंच पाडली. आणि हे मी कुणाचं भाषण ऐकून सांगत नाहीये, सीआयएनेच, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनेच, १९९७ साली मेक्सिकोला लागून असलेल्या ग्वाटेमालात केलेल्या कारवाईची साधारण चौदाशे पानं खुली केली.

यादी काढायची तर मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख १८४८ ला घेतला, हैतीत १९१५ ते १९३४ फौज बसवली, पनामात १९८९ ला घुसले, निकाराग्वा आहेच. पण एकटं ग्वाटेमाला नीट समजून घ्या असं मी म्हणेन.

मला ते जवळचं का वाटतं सांगतो. मी पुण्यात राहतो पण मूळ गाव पुरंदर तालुक्यात, आजोबा दुसऱ्याच्या रानात कूळ होते. कूळकायद्याने १९५७ नंतर कलम ३२ग प्रमाणे ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरून ती जमीन त्यांच्या नावावर झाली आणि त्याच्यावरच माझे वडील शिकले.

ग्वाटेमालात हाकोबो आर्बेंझ नावाच्या निवडून आलेल्या अध्यक्षाने १९५२ ला असाच कायदा आणला, तोही फक्त मोठ्या मालकांच्या पडीक जमिनीपुरता, बदल्यात सरकारी रोखे, आणि जवळपास एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. सगळ्यात मोठी पडीक जमीन होती युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीची. भरपाई किती, तर मालकाने टॅक्ससाठी स्वतःच जी किंमत लिहून दिली होती तेवढी. आपल्याकडे स्टँप ड्युटी वाचवायला खरेदीखतात रक्कम कमी दाखवतात ना, तसंच कंपनीने वर्षानुवर्षं केलेलं, त्यामुळे हातात येत होते सव्वासहा लाख डॉलर आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिच्यासाठी मागितले दीड कोटीच्या वर! तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयएचे प्रमुख अॅलन डलेस सख्खे भाऊ, दोघंही आधी ज्या वकिली फर्ममध्ये होते ती या कंपनीचं काम बघायची.

अमेरिकेला कम्युनिस्टांची भीती होती हे खोटं नाही, आर्बेंझचे काही सल्लागार कम्युनिस्ट होतेच, पण संसदेत त्यांचे चार जण होते, चार.

जून १९५४ ला कास्तियो आर्मास हा सीआयएने उभा केलेला ग्वाटेमालाचा बंडखोर लष्करी अधिकारी काही शे माणसं घेऊन होंडुरासमधून आत शिरला. एवढ्याशा माणसांनी देश जिंकता येत नाही, म्हणून वरून सीआयएची विमानं आणि एक खोटं रेडिओ स्टेशन, जे म्हणायचं आम्ही तुमच्याच जंगलातून बोलतोय आणि कार्यक्रम मात्र मायामीत रेकॉर्ड झालेले. ग्वाटेमालाचे लष्करी अधिकारी घाबरले ते मागून खुद्द अमेरिकन फौज येईल म्हणून, ते लढलेच नाहीत आणि २७ जूनला आर्बेंझने राजीनामा दिला. देश सोडताना एअरपोर्टवर त्याला कॅमेऱ्यांसमोर कपडे काढायला लावले, ते वाचताना मला फार वाईट वाटलं.

मग कास्तियो आर्मास सत्तेवर आला आणि वाटलेली जमीन बहुतेकांकडून काढून घेतली. पुढे १९६० ते १९९६ यादवी, दोन लाखांवर माणसं मेली नाहीतर गायब झाली, बहुतेक माया आदिवासी. तिथल्या लष्कराला पाठिंबा देणं चूक होतं असं क्लिंटन १९९९ ला ग्वाटेमालात जाऊन बोलले.

अजून एक. एफसी रोडवर ज्याच्या चेहऱ्याचे टीशर्ट लटकलेले असतात तो चे गेव्हारा त्या जूनमध्ये ग्वाटेमाला सिटीतच होता, सगळं डोळ्यांनी बघत. तिथून तो मेक्सिकोला गेला आणि १९५५ ला तिथे त्याला पुढे क्युबात क्रांती करणारा फिडेल कास्ट्रो भेटला.