कच्च्या तेलाचे भाव कोसळले तरी कंपन्या विहिरी बंद का करत नाहीत?

कारण खर्चाचा मोठा भाग आधीच होऊन गेलेला असतो. सर्वेक्षण, खोदाई, समुद्रात असेल तर प्लॅटफॉर्म, मग पाइपलाइन. हे सगळे पैसे पहिलं पिंप निघण्याआधीच ओतलेले असतात. तेल वर काढायचा रोजचा खर्च त्या मानाने बराच कमी. भाव तेवढा खर्च भागवत असेल तर एकूण हिशेबात तोटा दिसला तरी उत्पादन चालू ठेवणंच परवडतं. शिवाय कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत.

दुसरं म्हणजे विहीर हा घरातला नळ नव्हे. बंद ठेवली की नळ्यांत मेण साचू शकतं, काही ठिकाणी तेलाच्या थरात पाणी घुसतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर पूर्वीइतकं तेल मिळेलच याची खात्री नसते. कायमची बंद करायची तर सिमेंट भरून बुजवण्याचा खर्च वेगळा. तो पुढे ढकलण्याकडेच कंपन्यांचा कल असतो, आणि माझ्या मते या धंद्यातलं सर्वात दुर्लक्षित ओझं हेच आहे.

कात्री लागते ती नव्या खोदाईला. शेल विहिरींचं, म्हणजे शेल नावाच्या घट्ट खडकातून तेल काढणाऱ्या विहिरींचं, उत्पादन पहिल्या वर्षातच झपाट्याने घटतं, त्यामुळे तिथे रिग (खोदाईची यंत्रं) थांबल्या की काही महिन्यांत परिणाम दिसतो. खोल समुद्रातले प्रकल्प उभे राहायलाच कित्येक वर्षं लागतात. आजच्या भावावर त्यांचा निर्णय होत नाही.

अपवाद २०२० चा. २० एप्रिलला डब्ल्यूटीआय या अमेरिकी प्रमाण तेलाचा मे महिन्याचा वायदा (मे महिन्यात तेल ताब्यात घेण्याचा सौदा) पिंपाला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घ्या म्हणून विकणाराच पैसे देत होता, कारण साठवायला जागाच मिळेना. तेव्हा मात्र बऱ्याच विहिरी खरोखर बंद कराव्या लागल्या.