१ ऑगस्ट या तारखेला कोणत्या महत्त्वाच्या घटना घडल्या आणि कोणाचे जन्मदिवस येतात?

या तारखेचा विचार करताना मराठी माणसाने १९२० या एकाच वर्षापाशी थांबावे, असे मला मनापासून वाटते. त्या दिवशी पहाटे मुंबईतील सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि भर पावसात लोटलेल्या अफाट जनसमुदायाच्या साक्षीने गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. गांधीजींच्या असहकार चळवळीचा आरंभही त्याच दिवशी व्हायचा होता. सांगली जिल्ह्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांची जन्मतारीखही १ ऑगस्ट १९२० हीच आहे. पुढे गिरणी कामगारांत वावरलेल्या अण्णाभाऊंनी १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले व संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरीची धार आणली. म्हणूनच महाराष्ट्रात टिळक पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ जयंती एकाच दिवशी येतात, आणि दोन्हींना सारखेच मनःपूर्वक स्थान मिळाले पाहिजे.

याशिवाय अभिनेत्री मीनाकुमारी यांचा जन्म १९३३ मध्ये याच तारखेला झाला. राज्यात हा महसूल दिन असतो, तर स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिनही हाच. १९४४ मध्ये नाझी सत्तेविरुद्ध वॉर्साचा उठावही याच दिवशी सुरू झाला.