जुना मिनी ट्रॅक्टर घेतलाय? आधी हे बघ
भावा, द्राक्षबागेत राबलेला जुना १८ एचपीचा तीन सिलिंडरवाला घेतलास ना, मग लगेच इंजिन खोलायच्या नादी लागू नको, चालू होत नसेल तर बऱ्याचदा डिझेल लाइनने हवा धरलेली असते. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला कर, डिझेल ओढणारा छोटा हातपंप मार, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं की आवळ. इंजेक्टरचे (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) नट ढिले केलेस तर हात लांब ठेव, डिझेलची दाबाची धार कातडीत घुसते!! थंडीत पांढरा धूर अन् उशिरा स्टार्ट म्हणजे ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारा प्लग) बघ. रेडिएटरच्या जाळीत फवारणीची पावडर अन् पाला बसतो, मी एकदा दुर्लक्ष केलं, इंजिन तापलं अन् हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) उडालं, बायको अजून ऐकवते.