फो-क्यू रोखणाऱ्या रेणूचा एमआयसी येत नाही, तर टार्गेट बाद समजायचं का?

ऐरोलीहून तुम्ही विचारलंय: डॉकिंगमध्ये (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून बघताना) ई. कोलायच्या फो-क्यू या मॅग्नेशियमची कमतरता ओळखणाऱ्या सेन्सर किनेजला छान बसणारा रेणू प्लेटवर २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिलीलाही जंतूंची वाढ थांबवत नाही, म्हणजे एमआयसी (वाढ थांबवणारी किमान मात्रा) मिळतच नाही, मग टार्गेटच चुकलं का?

टार्गेट नाही, चाचणी चुकली. फो-क्यूशिवाय ई. कोलाय आरामात वाढतो. स्टॅफचा (स्टॅफिलोकॉकस जंतूचा) वॉल-के हा सेन्सर असता तर एमआयसीला अर्थ होता, त्याच्यावाचून तो जंतू जगतच नाही. शिवाय एमआयसीच्या नेहमीच्या म्युलर-हिंटन माध्यमात मॅग्नेशियम असतं, त्यामुळे फो-क्यू तिथे बराचसा झोपलेला. झोपलेल्याला काय झोपवणार?

आधी शुद्ध प्रथिनावर बघा. फो-क्यूचा फक्त पेशीरसातला भाग बनवा, साधारण ५ मायक्रोमोलर घ्या, एटीपी आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घाला, रेणू विरघळवणारं डीएमएसओ १ टक्क्याच्या वर नको. एसडीएस बफरने थांबवा, पण नमुना उकळू नका! फो-क्यू एटीपीतला फॉस्फेट स्वतःच्या हिस्टिडीनवर घेतो, तोच आपला सिग्नल; हा हिस्टिडीनवरचा फॉस्फेट उष्णतेने आणि आम्लात सुटतो. सवयीने ९५ अंशांवर ठेवलेली नळी म्हणजे गेलेला सिग्नल, आणि बघणाऱ्याला वाटतं रेणूने किनेज रोखलं. हा फॉस्फेट किरणोत्सर्गी पी-३२ ने मोजायचा तर एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी लागते. किरणोत्सर्गी पदार्थ पुरवणारं ब्रिट वाशीत, तुमच्या दारात असलं तरी प्रोजेक्टच्या मुदतीत ते जमेल असं धरू नका. त्याऐवजी फॉस-टॅग जेल (फॉस्फेट लागलेलं प्रथिन वेगळं दाखवणारं) ४ अंशांवर चालवा.

मग ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० (गुठळ्या मोडणारा डिटर्जंट) घालून पुन्हा करा. परिणाम नाहीसा झाला तर रेणूच्या गुठळ्या प्रथिनाला चिकटत होत्या. क्लोसँटेल या किनेज रोखणारा म्हणून गाजलेल्या रेणूचं असंच निघालं होतं. माझ्या मते ही पायरी डॉकिंग स्कोअरपेक्षा मोलाची. एटीपीच्या खाचेत बसणारा रेणू जायरेज-बी (जंतूचं) आणि एचएसपी-९० (माणसातही असणारं) या प्रथिनांवरही तपासा, खाचेची घडण एकाच कुळातली आहे.

पेशीत बघायचं तर १० मायक्रोमोलर मॅग्नेशियमचं एन-मिनिमल माध्यम, शेजारी १० मिलिमोलरचा कंट्रोल. फो-क्यू चालू करतो त्या एमजीटी-ए जीनच्या प्रमोटरला जोडलेला जीएफपी (चमकणारं प्रथिन) कमी मॅग्नेशियममध्ये मंदावला पाहिजे, ओडी (वाढ दाखवणारा गढूळपणा) मात्र तसाच राहिला पाहिजे. ओडीही पडला तर रेणू आणखी कुठेतरी घाव घालतोय.

खरा उपयोग कोलिस्टिन या प्रतिजैविकासोबत. फो-क्यूला आवरणारा एमजीआर-बी जीन मोडलेल्या क्लेब्सिएला जंतूत फो-क्यूचा लगाम सुटतो, बाहेरच्या आवरणातल्या लिपिड-एवरचा ऋण भार झाकला जातो आणि कोलिस्टिन चालेनासं होतं. त्यावर चेकरबोर्ड (दोन्ही औषधांच्या मात्रा आडव्या-उभ्या बदलत केलेली चाचणी) लावा. दोघं एकमेकांना किती जोर देतात ते सांगणारा एफआयसी इंडेक्स ०.५ किंवा कमी हवा. सोबत फो-क्यू काढून टाकलेला स्ट्रेन ठेवाच. त्यातही रेणूने कोलिस्टिनची धार वाढवली, तर तो फो-क्यूमार्फत काम करत नाही. प्लेट मात्र साध्या, प्रक्रिया न केलेल्या पॉलिस्टायरीनची घ्या आणि पॉलिसॉर्बेट-८० घालू नका, नाहीतर कोलिस्टिनचे आकडे हलतात.