पिकअपच्या गिअरबॉक्सचं तापमान २१० दाखवतंय, काळजीचं आहे का?

तुमच्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्ये दहा गिअरचा ऑटोमॅटिक असेल, तर उन्हाळ्यात २१० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ९९ सेल्सिअस, दिसणं अगदी नॉर्मल आहे. घाबरू नका. जुन्या गाड्यांचा १७५ ते २०० हा आकडा डोक्यात बसलेला असतो, म्हणून धडकी भरते. नवे गिअरबॉक्स मुद्दाम जरा गरम ठेवतात; तेल पातळ राहतं, घर्षण कमी होतं, इंधन वाचतं.

थंडीत उलटं. मिनेसोटात उणे २० सेल्सिअसला सकाळी निघालात तर काटा बराच वेळ हलणारच नाही, गिअरही उशिरा पडतील. गाडी चालू करून नुसती उभी ठेवू नका. हळूहळू चालवत नेलीत की तेल लवकर तापतं.

खरी परीक्षा ट्रेलर जोडल्यावर. डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना २२०-२३० चालेल, पण टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरबॉक्सची सेटिंग) लावाच. २५० कडे जाऊ लागला की गाडी बाजूला घ्या, गिअर पार्कमध्ये (P) टाका आणि इंजिन चालूच ठेवा. पंप फिरला तरच तेल कूलरमधून जाऊन निवतं. घरी आल्यावर तेल तपासा. काळपट दिसलं, करपल्याचा वास आला, तर लगेच बदला.